सहावं नाव

रूथमावशींच्या घरात सकाळ व्हायची ती मागच्या जाळीच्या दाराच्या आपटण्यानं. त्या दाराला स्प्रिंग होती आणि ते कितीही जपून सोडलं तरी हळू लागतच नसे. त्यांचे वडील, वॉल्टर आजोबा, उजाडता उजाडता बागेत जायचे तेव्हा ते एकदा आपटायचं, आणि मुठीत चार मुळे नाहीतर लेट्यूसची पानं घेऊन परत यायचे तेव्हा पुन्हा एकदा. मग कॉफीच्या भांड्याची गुडगुड सुरू व्हायची, आणि बेकन परतल्याचा वास जिन्यावरून माझ्या खोलीपर्यंत चढत यायचा. पहिला महिनाभर त्या वासानं मला मळमळायचं. मी उशीत तोंड खुपसून पडून राहायची. पुढे पुढे मात्र त्याची इतकी सवय झाली, की एखाद्या रविवारी तो वास आला नाही तर घरात कुणाचं काही बिनसलं आहे की काय असं वाटायचं. खात मात्र मी कधीच नव्हते. रूथमावशी माझ्यासाठी वेगळा तवा ठेवत, त्यावर चीज घातलेला पाव भाजून देत, आणि त्या तव्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. शाळांमधल्या मुलांना वर्षभर दुसऱ्या देशातल्या घरी राहायला पाठवायची एक योजना होती, तिच्यातून मी जळगावहून ओहायोतल्या त्या लहानशा गावात येऊन पडले होते. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ते चित्रकलेचे शिक्षक. त्यांच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझा अर्ज भरायला लावला, आणि माझी निवड झाल्यावर आईनं दीर-नणंदांना न विचारता 'जाऊ दे तिला' म्हणून सांगून टाकलं. तिनं आयुष्यात एवढा मोठा निर्णय एकटीनं घेतल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. रूथमावशी पन्नाशीच्या, उंच, फार न बोलणाऱ्या. नवरा कधीच सोडून गेलेला, आणि त्या गावातल्याच शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. योजनेच्या पत्रकात लिहिलं होतं, की घरातल्या बाईंना 'मॉम' म्हणावं. मला ते जिभेवर आणता येईना. मी 'रूथ आँटी' म्हणायची, आणि मनातल्या मनात मावशी. वॉल्टर आजोबांना मात्र पहिल्या आठवड्यापासून मी आजोबाच म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी 'ठीक आहे' म्हणून मान हलवली, जणू एखाद्या पदाचा कागद सही करून घेतला.

ते चाळीस वर्षं पोस्टमन होते, शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून गाडीनं टपाल वाटणारे. शाळेत मला सगळे 'वाय' म्हणत, कारण वैजयंती त्यांना झेपत नसे. आजोबांना ते पटलं नाही. "पत्ता अर्धा लिहिला तर पत्र पोचत नाही," ते म्हणाले, आणि फोनजवळच्या वहीत त्यांनी माझं नाव माझ्याकडून तोडून तोडून लिहून घेतलं. मग चार-पाच दिवस बागेत, जेवताना, दाढी करताना ते घोकत राहिले. शेवटी एकदा जेवायच्या टेबलाशी त्यांनी ते सबंध म्हणून दाखवलं. 'ज'चा 'झ' झाला होता आणि शेवटची 'ती' जरा कडक पडली होती, पण त्या अख्ख्या वर्षात माझं पुरं नाव घेणारा तो एकच माणूस. आज माझ्या नातवंडांना मी फक्त 'आजी' आहे आणि बँकेत फक्त सही आहे. आपलं सबंध नाव कुणी लक्ष देऊन घेतलं की काय वाटतं, ते मला त्या टेबलाशी कळलं.

आजोबांचा डावा कान पूर्ण गेला होता, उजव्यानं थोडं ऐकू यायचं. त्यामुळे रेडिओ मोठ्यानं लागायचा. उन्हाळाभर बेसबॉलची कॉमेंटरी. मला त्या खेळातलं शेवटपर्यंत काही कळलं नाही, पण त्या निवेदकाचा संथ, न दमणारा आवाज आणि लांबून जाणाऱ्या मालगाडीचा भोंगा, या दोन आवाजांवर ते घर तरंगत असल्यासारखं वाटायचं. गुरुवारी स्वयंपाक माझ्याकडे असे. पन्नास मैलांवरच्या, ओहायोतल्याच डब्लिन गावात सबनीस काका-काकू राहायचे, आमच्या मुख्याध्यापकांच्या ओळखीतले. काकूंनी मला तुरीची डाळ, हिंग, गूळ आणि गोड्या मसाल्याची बाटली दिली होती. मी वरण-भात करायची, कधी आमटी. आजोबा तिला 'पिवळं सूप' म्हणत, पाव बुडवून खात, आणि सोमवारपासूनच विचारायला लागत, "गुरुवार कधी आहे?"

हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही दोघं तळघरात अक्रोड फोडत बसलो होतो. तिथले काळे अक्रोड इतके टणक, की ते हातोडीनंच फोडावे लागतात, आणि त्यांचा डाग बोटांवरून पंधरा दिवस जात नाही. आजोबा फोडत होते, मी सुईनं गर काढत होते. ते एकदम म्हणाले, "तुझ्या वडलांना कुठं पुरलं आहे?" मी सांगितलं, आमच्यात पुरत नाहीत, जाळतात, नदीकाठी. "मग तू तिथं होतीस?" मी म्हटलं, "नाही. मुली जात नाहीत."

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण बोटं कामात असली की तोंड मोकळं होतं. मी त्यांना सांगितलं, की बाबांना उचललं तेव्हा मी ओट्यावर होते आणि आत्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला भाऊ नाही, म्हणून मडकं धरायला भुसावळहून एक चुलतभाऊ आला होता. तो बाबांना उभ्या आयुष्यात दोन-तीनदा भेटला असेल. ते वळणावर दिसेनासे झाले आणि आत्यानं मनगट सोडलं. मग बायकांनी घर धुवायला काढलं, मलाही बादली दिली. मी हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आणि त्यांना त्यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. एक अक्रोड उचलून त्यांनी तो ऐरणीवर नीट बसवला आणि हातोडी मारली. मला त्यांच्या न बोलण्याचा त्या वेळी रागच आला.

जून संपत आला. माझं परतीचं विमान शुक्रवारचं होतं, कोलंबसहून संध्याकाळी पाचला. त्याआधीच्या सोमवारी दुपारी मी एक टोपलीभर मटारच्या शेंगा घेऊन मागच्या अंगणात गेले. आजोबा मेपलच्या सावलीत आपल्या खुर्चीत होते, बाजूला रेडिओ चालू. उजव्या बाजूला ऊन होतं म्हणून मी डाव्या बाजूला बसले आणि शेंगा सोलायला लागले. सोलता सोलता बोलत होते. बॅगेचं वजन जास्त झालंय, आईसाठी घेतलेलं सॉसपॅन हातात न्यावं लागेल, विमानात खिडकी मिळाली तर बरं. मग म्हटलं, "आजोबा, मला घरी जायचंय आणि जायचं नाहीये, दोन्ही एकदम." डाव्या बाजूला बसलं की त्यांचं उत्तर येत नसे, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. टोपली अर्ध्याच्या खाली गेली, रेडिओवर लोक एकदम ओरडले, कुणीतरी मोठा फटका मारला होता. असं झालं की आजोबा मांडीवर थाप मारायचे. थाप आली नाही म्हणून मी मान वर केली.

त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि हात मांडीवरच होता. मी त्या हाताला हात लावला. मग उठून रेडिओ बंद केला. तो आधी का बंद केला, मला आजही सांगता येत नाही. जाळीचं दार उघडून मी रूथमावशींना हाक मारली, आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "मावशी, लवकर या." त्यांना शब्द समजले नसतील. पण त्या हातातलं सगळं टाकून धावत आल्या.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर एक निळी वही होती. आजोबांनी आपल्या अंत्यविधीचं सगळं तिच्यात लिहून ठेवलं होतं, टपालाच्या रजिस्टरसारखं, ओळींवर आकडे घालून. कोणती गाणी म्हणायची, कोणता सूट घालायचा, लिलीची फुलं अजिबात नकोत. शेवटी, शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांची नावं. दोन पुतणे, शेजारचे कार्ल, चर्चमधले दोघं. आणि सहावं नाव इंग्रजी अक्षरांत, फोनजवळच्या वहीतून बघून उतरवलेलं, एकही अक्षर न चुकता, माझं.

"मार्चमध्ये लिहिलंय," रूथमावशी म्हणाल्या. "मलाही आजच कळलं."

मी वहीकडे बघत राहिले. मी म्हणाले, "मला नाही जमणार. आमच्यात मुली हे करत नाहीत. आणि शुक्रवारी माझं विमान आहे." दोन्ही कारणं खरी होती. पण खरं तर मला भीती वाटली होती. कशाची, ते तेव्हा नीट कळत नव्हतं. जे मला एकदा दारातून परतवून नाकारलं होतं, ते असं कुणी ताटात वाढून समोर ठेवेल याची मनाची तयारीच नव्हती.

त्यांनी वही मिटली. "विधी शुक्रवारी सकाळी दहाला आहे. तू विमान गाठू शकशील," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यावर सक्ती नाही. त्यांनी लिहिलं, म्हणजे त्यांनी विचारलं. नाही म्हणायला तुला पूर्ण मोकळीक आहे. मी अंत्यविधीच्या कंपनीला सांगते, ते त्यांचा माणूस देतील." एवढं बोलून त्या भांडी धुवायला वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला कळलं, की दुखावल्या आहेत आणि मला कळू द्यायचं नाहीये.

शुक्रवारी सकाळी नऊला सबनीस काका-काकू गाडी घेऊन आले. खरं तर मला विमानतळावर रूथमावशीच सोडणार होत्या. आता ते शक्य नव्हतं. सबनीस काका इंजिनिअर, पंधरा वर्षं इथं. स्वभावानं चांगले, पण वेळेचे आणि जबाबदारीचे पक्के. माझ्या आईनं त्यांना एकदा पत्र लिहून 'मुलीवर लक्ष असू द्या' म्हटलं होतं, आणि ते पत्र त्यांनी फार मनावर घेतलं होतं. त्यांनी माझ्या बॅगा डिकीत ठेवल्या, घड्याळ बघितलं. "सर्व्हिस अटेंड करू, अकराला निघू. मार्जिन भरपूर आहे," ते म्हणाले. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. माझे सगळे कपडे बॅगेत गेले होते. अंगावर प्रवासासाठी ठेवलेला पोपटी पंजाबी ड्रेस होता. काळ्या कपड्यांतल्या त्या गावात मी कशी दिसणार, या विचारानं मी उंबऱ्यावरच घुटमळले. रूथमावशींनी आपला काळा स्वेटर आणून माझ्या अंगात घातला आणि बाह्या दोन-दोन घड्या वर केल्या. त्या दिवशी त्यांच्या वडलांना पुरायचं होतं, आणि त्या माझ्या बाह्यांच्या घड्या सारख्या करत होत्या.

चर्च लहान होतं, पांढऱ्या लाकडाचं. दफनभूमी त्याच्याच मागे, उतारावर. आत शिरताना दारात अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस पाच जणांच्या कोटांना पांढरी फुलं टोचत होता. सहावं फूल त्यानं आपल्याच हाताखालच्या एका माणसाच्या कोटाला लावलं. तिशीचा असेल तो, चापून बसवलेल्या केसांचा. त्यानं फूल लावून घेतलं आणि जांभई दाबली. त्याचं काही चुकत होतं असं नाही. त्याचं ते रोजचंच काम. पण मला एकदम भुसावळचा चुलतभाऊ दिसला. बाबांचं नाव गुरुजींनी विचारल्यावर तो क्षणभर अडखळला होता. ते मी ओट्यावरून ऐकलं होतं, आणि मनगट सोडवून ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

पास्टर बोलले, गाणी झाली. त्यातलं मला काहीच आठवत नाही. मी काका आणि काकूंच्या मधल्या जागी होते. मी त्या माणसाच्या कोटावरच्या फुलाकडे बघत होते. शेवटचं गाणं संपलं, लोक उभे राहिले, आणि सहा जण पेटीपाशी जायला निघाले. मीही उभीच होते. फरक एवढाच, की मी बाकाच्या बाहेर निघाले.

"वैजू, कुठं निघालीस?" काका दबक्या आवाजात म्हणाले.

"काका, ती माझी जागा आहे."

"कसली जागा? अगं, थांब." त्यांच्या लक्षात आलं. रूथमावशींनी त्यांना बहुतेक सकाळीच सांगितलं असावं. "हे बघ, आपल्यात मुली खांदा देत नाहीत. तू आज एवढ्या प्रवासाला निघतेयस. तुझ्या आईला मी काय सांगू? बस इथं. प्लीज."

माझ्या आणि मधल्या वाटेच्या मध्ये काकू होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काकांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्या समोर बघत खाली बसल्या, गुडघे बाजूला वळवले आणि मला जायला वाट करून दिली.

मी त्या माणसापाशी जाऊन उभी राहिले. म्हणाले, "माफ करा, वहीत माझं नाव आहे." तो गोंधळला, आपल्या साहेबाकडे बघायला लागला. पहिल्या बाकावरून रूथमावशी उठल्या आणि एकच शब्द बोलल्या, "होय." त्यानं कोटावरचं फूल काढलं आणि माझ्या स्वेटरला लावलं. टाचणी लावताना तो अगदी जपून लावत होता. मघाची जांभई मी त्याला तिथल्या तिथे माफ केली.

तिकडे खांद्यावर घेत नाहीत. पेटीला दोन्ही बाजूंनी कड्या असतात, त्या धरून हातानं उचलतात. माझी जागा डावीकडची मधली. माझ्यापुढे कार्ल होते, सत्तरीचे, आजोबांशी कुंपणावरून तीस वर्षं वाद घालणारे. मान न वळवता ते पुटपुटले, "आधी डावा पाय. घाई करू नकोस." उचललं, आणि सगळं वजन एकदम बोटांत उतरलं, मग कोपरात, मग मानेत. मी सगळ्यांत बुटकी, म्हणून माझा हात वर ओढला जात होता आणि बाकीच्यांचे खाली. आम्ही मधल्या वाटेनं बाहेर आलो. पायऱ्या चार होत्या. त्या उतरताना मागच्यांनी जरा तोलून धरलं, ते मला कडीतून कळलं. गवत ओलं होतं. उतार सुरू झाला तसे माझ्या चपलांचे तळवे सरकायला लागले. मी पायाची बोटं रोवून चालले. कुणी रडत नव्हतं. फक्त सहा जणांचे श्वास आणि ओल्या गवतातले पाय. मनात कसलाही मोठा विचार नव्हता. फक्त एवढंच, की माझ्या बाजूनं वाकडं होता कामा नये. अर्ध्या वाटेत बोटं बधिर झाली आणि वाटलं, सुटणार. त्याच वेळी कार्लनी आपला हात कडीवर मागे सरकवून माझ्या हाताला लावला. भार काही त्यानं कमी झाला नाही. पण सुटलं नाही.

खड्ड्यावर पट्टे ताणलेले होते. त्यांवर आम्ही पेटी ठेवली आणि मागे सरलो. माझ्या तळहातावर कडीचा लाल वळ उठला होता. बाकीचे पाच जण हात पुढे बांधून उभे राहिले, मला हातांचं काय करावं कळेना. मी ते जोडले. ओहायोच्या त्या हिरव्या उतारावर, पोपटी ड्रेस आणि ढगळ काळ्या स्वेटरमध्ये, मी हात जोडून उभी होते. आणि दोन वर्षांत जे रडू आलं नव्हतं ते आलं. ते आजोबांसाठी होतं, बाबांसाठी होतं, की नुसतं दमल्याचं होतं, मला सांगता येणार नाही. रडू आपलं कुणाचं ते विचारून येत नाही.

अकरा वाजून गेले होते आणि काका घड्याळ बघत होते. चर्चच्या तळघरात बायकांनी जेवणाची टेबलं मांडली होती. रूथमावशी लोकांना सोडून माझ्याबरोबर गाडीपर्यंत आल्या. मी स्वेटर काढायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "विमानात थंडी असते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "त्यांना आवडलं असतं. मला आवडलं." मला खूप काही बोलायचं होतं. माझा वेगळा तवा, भाजलेला पाव, तापात उशाशी बसून काढलेल्या दोन दुपारी. यातलं मी एक अक्षर बोलले नाही. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्या दचकून मागे सरल्या, आणि मग त्यांना काय ते समजलं असावं, कारण त्या पुन्हा पुढे येऊन उभ्या राहिल्या. गाडी वळली तेव्हा त्या रस्त्यावर एकट्याच होत्या. त्यांना आता त्या घरी परत जायचं होतं, जिथं दोन खोल्या एकाच आठवड्यात रिकाम्या झाल्या होत्या. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले आहे आणि आता रोज येतं.

वीस-पंचवीस मैल मागे पडले. दोन्ही बाजूंना गुडघाभर मका. काकांचा जबडा घट्ट मिटलेला. मग काकू, समोर बघतच, म्हणाल्या, "माझे दादा वर्ध्याला गेले, तेव्हा आपण नुकते इथे आलो होतो. आठवतं?"

"आठवतं ना," काका म्हणाले. "टेलिग्राम चुकला होता. पत्रच आलं."

"पत्र आलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. तुम्ही ऑफिसला गेलात. मी बेसमेंटमध्ये गेले, वॉशिंग मशीनमध्ये दोन टॉवेल टाकले आणि मशीन लावली. ती थांबेपर्यंत रडले. मग पुन्हा लावली." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. "वैजूनं आज केलं त्यात काय चुकलं ते मला कळत नाही. मला माझ्या वडलांचे पायसुद्धा बघता आले नाहीत."

काकांनी गाडीचा वेग कमी केला. "तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

विमानतळावर काकांनी माझ्या बॅगा काउंटरपर्यंत स्वतः वाहिल्या, मला उचलू दिल्या नाहीत. पासपोर्ट, तिकीट, न्यूयॉर्कला कुठल्या टर्मिनलला जायचं, सगळं दोनदा समजावलं. शेवटी म्हणाले, "मी आज रात्री तुझ्या आईला पत्र लिहिणार होतो. सगळं कळवणार होतो. आता नाही लिहीत. तू सांग." मी मान हलवली आणि वळले, तर त्यांनी पुन्हा हाक मारली. "वैजू. पण सांग हं. लपवू नकोस. शी शुड नो."

मी लपवलंच, पाच दिवस. घरात माणसांची रीघ होती. आत्या येऊन बसली होती. अमेरिकेत काय खाल्लं, काय ल्यालं, बर्फ कसा असतो, हेच चाललं होतं. पाचव्या दिवशी दुपारी आत्या आपल्या घरी गेली. धाकटी बहीण शाळेत होती. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भेंडी पुसत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. वही, सहावं नाव, आधी नाही म्हटलं ते, मग बाकातून उठले ते, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. नाहीतर रडेल. निदान आत्याला कळू देऊ नकोस असं तरी म्हणेल.

ती भेंडी पुसत राहिली. एक, दोन, तीन. मग फडकं मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "जड होतं का गं?"

"हो. खूप."

"असणारच," ती म्हणाली. "यांना नेलं तेव्हा मला आतच बसवलं होतं, इथंच. मला नुसते पाय वाजलेले ऐकू आले. किती जण होते, कोण पुढे होतं, काही कळलं नाही. नंतर कुणाला विचारायचं? आणि काय म्हणून विचारायचं?"

मग तिनं मला विचारायला सुरुवात केली. किती जण होतात? कोण कुठल्या बाजूला? वाट किती लांब? चढ की उतार? पाय घसरले का? मध्ये कुठं टेकवलं का? मी एकेक सांगत गेले. पायऱ्या चार होत्या, म्हणाले. गवत ओलं होतं. मागच्यांनी तोलून धरलं. ती मान डोलवत होती, एखादा तपशील नीट कळला नाही तर पुन्हा विचारत होती. तिचे डोळे माझ्यावर नव्हते. ती दाराकडे बघत होती, ज्या दारातून दोन वर्षांपूर्वी पाय वाजत गेले होते.

"आणि ठेवताना?" तिनं विचारलं. "हळू ठेवलंत ना?"

"हो आई," मी म्हटलं. "अगदी हळू ठेवलं."